नऊ खुंट्यांचा काटकोन

१

शनिवारी सकाळी साडेआठला शिरूरची रेल्वे रस्ता ओलांडून हौसराव आबांच्या घासात जाऊन उभी राहिली.

रेल्वे म्हणजे अजून रूळबीळ काही नाही. नुसत्या खुंट्या. लाल डोक्याच्या, नंबर टाकलेल्या. आमच्या गावाला रेल्वेची शिट्टी ऐकायची तर दौंडला जावं लागतं. आता एस्टी स्टँडपासून बायपासपर्यंत छोटी रेल्वे न्यायचं घाटत होतं. लाइट रेल म्हणतात तिला. दोन-तीन डबे, रस्त्याच्या कडेकडेनं जाणार. ती नेमकी कुठनं न्यायची हे ठरवायला पुण्याची पोरं महिनाभर दुर्बीण लावून फिरली आणि खुंट्या ठोकून गेली. मंगळवारी नगरपरिषदेत सुनावणी. ज्याची हरकत त्यानं यायचं, बोलायचं, मग मार्ग पक्का.

आणि शनिवारी बघतो तर चौदा ते बावीस, अशा नऊ खुंट्या जागेवर नाहीत. अयुबच्या वेल्डिंगच्या दुकानासमोरनं उठल्या आणि समोरच्या रानात जाऊन ताठ उभ्या.

हे ऐकून मी माझं फ्लेक्सचं दुकान उघडं टाकून पळालो. फुकटातला तमाशा मी सोडत नाही. तिथं निम्मं गाव जमलेलं. हौसराव आबा, वय पंच्याहत्तर, घासात कमरेवर हात ठेवून ओरडत होते, "माझ्या जनावरांनी खायाचं काय? रूळ?"

सर्व्हेचा इंजिनीयर पृथ्वीराज मोबाईलमधले फोटो आणि खुंट्या आळीपाळीनं बघत होता. तेवढ्यात मुख्याधिकारी अनुपमा मॅडमची गाडी आली. मॅडम उतरल्या आणि खुंट्यांच्या आधी माझ्याकडं बघितलं.

"संपतराव, हे तुमचं काम नाही ना?"

त्यांचं चुकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी एका माळावर 'नियोजित विमानतळाची जागा' असा फ्लेक्स लावला होता. महिन्यात तिथं तीन चहाच्या टपऱ्या आल्या.

"मॅडम," मी म्हटलं, "मी केलं असतं तर खुंट्या तुमच्या केबिनमध्ये निघाल्या असत्या."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. पृथ्वीराजनं सतरा नंबरची खुंटी उपटली, बुडाला बोट लावलं आणि बोट वर धरलं. काळंकुट्ट. मग अठरा उपटली. तीही काळी.

"काजळीसारखं काहीतरी आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी फक्त अयुबच्या हाताकडं बघितलं.

२

अयुबचे हात जन्मापासून काळे आहेत असं त्याची बायको मुमताजभाभी म्हणते. वडलांचं दुकान, तीस वर्षं तो तिथंच वेल्डिंग करतोय. मूळची लाइन दुकानाच्या पुढच्या निम्म्या भागावरून जात होती. म्हणून त्यानं हरकत दिली होती. पहिल्या नंबरची. चार फूट पलीकडं घ्या, एवढंच.

मॅडम दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, चहा नको म्हणाल्या. तेव्हाच मला कळलं, हे जड जाणार.

"अयुबभाई, लाइन हलल्यावर फायदा तुमचा. बुडाला काजळी. मंगळवारच्या सुनावणीपर्यंत खुलासा झाला नाही तर मला तुमच्या नावानं पोलिसात तक्रार द्यावी लागेल. आणि सरकारी खुणा ज्यानं हलवल्या त्याची हरकत मी ऐकून घेऊ शकत नाही."

"मी हात बी न्हाई लावला, मॅडम."

"मग कोणी लावला ते सांगा."

मॅडम गेल्या. अयुबनं ड्रॉवरमधनं चार कागद काढले. मुमताजभाभीच्या अक्षरात, शाळेतल्या निबंधासारखे सुबक.

"चार रात बैठके लिखा उसने," तो म्हणाला. "संप्या, दुकान जाऊ दे एक येळ. पन बोलायलाच न्हाई द्यायचं, हे कसलं रं?"

मी बाहेर येऊन दौंडला फोन लावला.

"मावशी, मोकळी हायस का?"

"कोण मेलं?"

"कुणी न्हाई. रेल्वे हलली."

मग झुंबरमावशी म्हणाली, "आले."

३

झुंबरमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. दौंडला रेल्वेत एकतीस वर्षं रुळावर राबली. हातोडी घेऊन रोज मैलोन् मैल चालायचं, रूळ ठोकून आवाज ऐकायचा, कुठं ढिला झालाय ते ओळखायचं. आता रिटायर झाली, पण माणसाशी बोलतानाही ती तसंच करते. एक टोला देते आणि आवाज कसा येतो ते ऐकते.

रविवारी दुपारी एस्टीतनं उतरली ती थेट आबांच्या रानात. मी आणि अयुब मागं. पदर खोचून ती चौदा नंबरच्या खुंटीपासून पावलं टाकत निघाली. एका जागी थांबली. डावीकडं वळली. परत थांबली. उजवीकडं वळली. आणि एकदम खो खो हसत सुटली.

"आगं, काय झालं?"

"संप्या, ही लाइन बघ. सरळ येती, काटकोनात वळती, परत काटकोनात वळती. ह्या वळणावर रेल्वे सोड, बैलगाडी बी हाकताना बैल शिव्या देतील. ज्यानं ह्या ठोकल्या त्याला रेल्वेतलं काही म्हंजी काही कळत न्हाई."

"मग तो पृथ्वीराज सुटला," मी म्हटलं. "तो एवढं वेडंवाकडं करणार न्हाई."

"सुटला. चांगलं गोल वळण काढायचा तो, पैसे खाऊन केलं असतं तरी. सवय असती." मग तिनं एकेक करत नऊच्या नऊ खुंट्या हलवून उपटल्या, भोकांत बोटं घातली आणि मूठभर काळा चुरा काढून पदरात बांधला. "चला, दुकान दाखवा."

अयुबच्या दुकानात एक जुन्या स्पीकरचं चुंबक आहे. खाली सांडलेला कीस, तुटके तुकडे, सगळं अयुब त्यानं गोळा करतो. मावशीनं जमिनीवरची काळी धूळ चिमटीत घेतली आणि चुंबक जवळ नेलं. धूळ उडी मारून चिकटली. मग पदरातला चुरा कागदावर ओतला. चुंबक फिरवलं. वरनं, खालनं. चुरा ढिम्म.

"तुझ्याकडची धूळ लोखंडाची. ही लोखंडाची न्हाई." तिनं एक खडा दाताखाली धरला, आम्ही दोघं शहारलो, आणि थुंकून म्हणाली, "कोळसा. लाकडी."

"माझं वेल्डिंग लाइटवर चालतं," अयुब म्हणाला. "कोळसा मी कवाच वापरला न्हाई."

"आनि नुसता लागलेला न्हाई, बाबा. प्रत्येक भोकात बुडाला मूठ मूठ घातलाय. नऊच्या नऊ. असं चुकून होत न्हाई. कुणीतरी मुद्दाम घातलाय."

"कशाला पण?" मी विचारलं.

मावशीनं चुंबक अयुबच्या हातात परत दिलं. "ते कळलं की माणूस कळला."

४

सोमवारी सकाळी आम्ही विक्रमशेठच्या ऑफिसात. विक्रमशेठ प्लॉटिंगवाला. आबांच्या रानाला लागूनच त्याचे प्लॉट. हललेली लाइन त्याच्या दारातनं जात होती. गावातली निम्मी जनता म्हणत होती, हे शेठचंच काम.

माझ्याकडं बघून शेठचं तोंड कडू झालं. माळावरच्या त्या विमानतळाच्या शेजारी त्यानंच घाईघाईनं जमीन घेतली होती.

"काय संपतराव, आज काय? बंदर काढताय का शिरूरला?"

"न्हाई शेठ, सध्या पाणी कमी हाय."

मावशीनं सरळ टोला दिला. "खुंट्या तुम्ही हलवल्या का?"

"मावशी, डोक्यावर पडलोय का मी? ह्यालाच विचारा, गुरुवारी काय छापून नेलं मी याच्याकडनं!"

मी कपाळावर हात मारला. चाळीस फ्लेक्स! 'स्टेशनपासून फक्त दोन मिनिटं', खाली नकाशा, आणि नकाशात जुनी लाइन, जुनं स्टेशन. शुक्रवारी लाइन हलवायची असेल तर गुरुवारी जुन्या लाइनचे चाळीस फ्लेक्स कोण छापून घेईल?

"आता ते चाळीस घेऊन मी काय करू? पत्रावळ्या?" शेठ म्हणाला.

तिथनं आम्ही आबांकडं गेलो. बिचाऱ्यांच्या रानाची नासाडी, म्हटलं विचारपूस करावी. रानात एकाच विहिरीवर दोन मोटारी, दोन वेगवेगळ्या पेट्या, दोन कुलपं. मधे बांध. बांधाच्या एका बाजूला थोरला लेक पाणी धरत होता, दुसऱ्या बाजूला धाकटा. दोघांत अंतर दहा फूट.

थोरला म्हणाला, "आबा, त्याला सांगा, मोटार बंद कर म्हणावं."

आबा वळून म्हणाले, "मोटार बंद कर."

धाकटा म्हणाला, "आबा, त्याला सांगा, माझी पाळी हाय."

आबा परत वळले. "त्याची पाळी हाय."

आम्ही बघत राहिलो. मान तेवढी आबांची फिरत होती, टेबल फॅनसारखी.

"किती वर्सं झाली बोलत न्हाईत?" मावशीनं हळूच विचारलं.

"सहा," आबा म्हणाले. "बांधापायी. हा म्हणतो त्यानं कोरला, तो म्हणतो ह्यानं. तीनदा मोजणी आणली. प्रत्येक येळी नवीन दगड."

मावशी बांधाकडं बघत राहिली. एकदा इकडं, एकदा तिकडं. मग माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"संप्या, तुझ्या दुकानात लाकडाच्या पट्ट्या असतील. तीन खुंट्या बनव. आन् आज तुझा तो चावटपणा कामाला लाव."

५

माझ्यासारख्याला असं काम म्हणजे दिवाळी. मी तीन खुंट्या केल्या, डोकी लाल रंगवली आणि तीन ठिकाणी एकच थाप मारली. "मॅडमनी सांगितलंय, उद्याच्या सुनावणीआधी ज्यानं त्यानं आपल्या हद्दीत एक खुंटी स्वतःच्या हातानं ठोकायची. मी फोटो काढून नेतो."

पृथ्वीराजनं टेप काढला, दोनदा मोजलं, खुंटी ओळंब्यात धरली, चार ठोके, डोक्यात खिळा, खिळ्याभोवती रंग. पाच मिनिटं.

विक्रमशेठनं खुंटी हातातसुद्धा घेतली नाही. ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरनं वॉचमनला. वॉचमननं दगडानं ठोकली, ती तिरकी बसली, शेठ म्हणाला, "राहू दे, फोटोत सरळ कर."

मग आबा. अंगणात बाजेवर बसलेले. मावशी पायरीवर टेकली. मी थाप मारली. आबांनी खुंटी घेतली, उलटीसुलटी करून बघितली, बारशातलं नातवंड असल्यासारखी. पहार आणली. वीतभर खड्डा घेतला. खुंटी खड्ड्याशी नेली.

आणि थांबले.

"आलो," म्हणाले. उठले, घरामागं गेले. तिथं अंघोळीच्या पाण्याचा बंब. बंबाच्या जाळीतनं मूठभर विझलेला कोळसा काढला, परत आले, खड्ड्याच्या बुडाला नीट पसरला, त्यावर खुंटी ठेवली, माती लोटली आणि टाचेनं दाबली. हात झटकले.

माझ्या मोबाईलमधनं फोटो निघायचा राहिला. तोंड उघडं पडलं होतं.

"आबा," मावशी म्हणाली, "कोळसा कशाला?"

"आं? हद्दीच्या खुणेखाली कोळसा घालायचाच असतो की. माझ्या आज्यापासनं. लाकूड कुजतं, दगड लोक रातोरात सरकावत्यात. कोळसा जागा सोडत न्हाई. उद्या कुणी म्हटलं खूण हलली, तर खांदून बघायचं. कोळसा घावंल तिथं खरी हद्द..."

मावशीनं पदराची गाठ सोडली आणि तो काळा चुरा त्यांच्यापुढं ठेवला.

"ह्या रानात, नऊ भोकांत, हेच निघालं."

बाजेची दोरी कुरकुरली. आबा खाली बसले होते.

"लोकांनी बघितलं न्हाई का हो तुम्हाला?" मी विचारलं.

"बघितलं की. शुक्रवारी दुपारी अयुब नमाजाला गेला की मग दिवसभर दुकान बंदच. मी खुंट्या उपटल्या, काखेत घेतल्या, रस्ता ओलांडला. चहावाल्यानं रामराम घातला. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या काखेत खुंट्या, त्यात नवल काय? त्याला वाटलं जनावरं बांधायला चालल्यात."

"आन् बरोबर बांधावरनं ठोकल्या," मावशी म्हणाली. "बांध वळतो तिथं खुंट्या वळल्या. म्हणून काटकोन."

"व्हय." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बांध हाय म्हणून भांडान हाय, झुंबरबाई. त्या बांधावरनं रेल्वे गेली तर कोरणार काय? सरकारचा रूळ कोरायची छाती कुणाची हाय? चार गुंठे जातील, जाऊ द्या. म्या मरायच्या आधी दोघं एकमेकांशी बोलल्यालं ऐकायचंय."

मावशीनं चुरा परत पदरात बांधला.

"आबा," ती म्हणाली, "पण तुमच्या ह्या कामापायी अयुबला उद्या बोलू देत न्हाईत. त्याच्या नावानं पोलिसात कागद चाललाय."

आबांना ते ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरनं दिसलं. पण मग त्यांनी मान हलवली.

"पोरांपुढं मी उभा राहून सांगू, की तुमच्या भांडनापायी बापानं चोरी केली? न्हाई, बाई. ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

मावशी उठली. "उद्या सुनावणीत हा कोळसा दाखवायला मला कुणाची परवानगी लागत न्हाई. पण मी नाव घेणार न्हाई. ते तुमच्या तोंडातनंच यायला पायजे."

६

मंगळवारी अकरा वाजता नगरपरिषदेचं सभागृह गच्च. भिंतीवर पृथ्वीराजचा नकाशा. टेबलावर मॅडम आणि समोर टाइप केलेली तक्रार, सही तेवढी राहिलेली. पहिल्या रांगेत अयुब, मुमताजभाभी आणि त्यांची सुहाना. आबा मधल्या रांगेत, एका बाजूला थोरला, दुसऱ्या बाजूला धाकटा. बांध तिथंही मधेच बसलेला.

"खुलासा करणारं कुणी आहे?" मॅडमनी विचारलं.

मावशी पुढं गेली. टेबलावर चुंबक ठेवलं, दोन कागदांत दोन काळे ढीग. एक चिकटला, एक नाही. मग नकाशावर बोटानं काटकोन दाखवला. पृथ्वीराज मधेच म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे, ही वळणं शक्यच नाहीत, माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं." मग मावशीनं कोळशाची चाल सांगितली. कुठल्या माणसांची, कशासाठी.

सभागृहात म्हाताऱ्या माना हलायला लागल्या. जुन्या शेतकऱ्यांना कळलं, हे आपल्यातलंच कुणीतरी.

"म्हणजे अयुबभाई नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मग कोण?"

"ज्याचं त्यानं सांगावं."

आबा जमिनीकडं बघत होते. मॅडमनी पेन उचललं. "नाव आलं नाही, तर मला कागद पुढं पाठवावाच लागेल."

आणि थोरला उभा राहिला. खुणेखाली कोळसा घालायची बापाची सवय त्याला ठाऊक होती.

"मी हलवल्या."

लगेच धाकटा उठला. "खोटं बोलतोय, मॅडम. मी हलवल्या."

थोरला बापाच्या डोक्यावरनं वाकला. "तू गप बस की!"

"तूच गप! तुला पहार तरी धरता येती का?"

"तुझ्यापेक्षा बरी धरतो! तुझी ती तिरकी सरी सगळं गाव बघतं!"

"माझी सरी तिरकी? आन् तुझी?"

सहा वर्षांचं सगळं तिथंच बाहेर पडायला लागलं. मॅडम टेबल वाजवत होत्या, कोण ऐकतंय? आबा मधे बसलेले, टोपी हातात, तोंड वर. एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं. डोळ्यांतनं पाणी चाललेलं आणि मिशीखाली हसू मावत नव्हतं. मग ते उभे राहिले.

"दोघं बी खाली बसा. म्या हलवल्या. अयुबचा काही संबंध न्हाई. लिहून घ्या, मॅडम, अंगठा न्हाई, सही करतो."

मॅडमनी चष्मा काढला. तिघांकडं बघितलं. पृथ्वीराज पुटपुटला, "नऊ खुंट्या, तिघं. प्रत्येकी तीन बसतात." मी त्याच्याकडं वळून बघितलं. पोरगं कामाचं आहे, म्हटलं.

अयुबच्या नावाची तक्रार मॅडमनी उभी-आडवी फाडली. "आबा, आज दुपारी पृथ्वीराजबरोबर जायचं आणि नऊच्या नऊ खुंट्या मूळ जागी परत लावायच्या. तुमच्या दोन्ही मुलांनी पहार धरायची. आणि परत सरकारी खुणेला हात लावला तर वय बघणार नाही."

"व्हय, मॅडम."

"बसा." त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. "हरकत क्रमांक एक. अयुबभाई, बोला."

अयुब उभा राहिला. मुमताजभाभीचे चार कागद हातात. पहिली ओळ बघितली, घसा साफ केला आणि कागद तसेच घडी करून खिशात घातले. भाभीनं डोक्याला हात लावला.

"मॅडम, गावात सगळे म्हनतात अयुबला रेल्वे नको. पहिलं हे सांगतो, मला रेल्वे पायजे. सर्वांत जास्त मला पायजे. माझी सुहाना रोज बायपासला कंपनीची बस धरायला जाती, वडापच्या जीपच्या दारात लटकून. एक पाय आत, एक बाहेर. म्हनून रेल्वे आनाच. फक्त चार फूट पलीकडं. तिथं उघडं गटार हाय. त्याच्यावर स्लॅब टाकला की जागा निघती. स्लॅबचं लोखंड मी स्वतः बांधून देतो."

पृथ्वीराज नकाशाजवळ गेला. पट्टी लावली, मान तिरकी केली, काहीतरी मोजलं.

"गटार किती रुंद आहे?" त्यानं विचारलं.

"पाच फूट दोन इंच," अयुब म्हणाला. "रोज बघतो."

पृथ्वीराजनं कानामागची पेन्सिल काढली.